पुढे बावीस, मागे चोवीस

आमच्या मुलुंडच्या घरात गाडीला गाडी कुणी म्हणत नसे. ती 'म्हातारी' होती. नानांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, ती एका निवृत्त वकिलाकडून घेतली तेव्हाच तिची उमेद सरत आली होती. रंग एके काळी हिरवा असावा. चाकं सायकलसारखी तारांची, उंच आणि किडकिडीत. खाडीकडून येणाऱ्या खाऱ्या वाऱ्याने त्या तारा गंजत, आणि रस्त्यात मधूनच एखादी तार 'टण्ण' करून तुटे. नाना गाडी थांबवत, कान देत आणि म्हणत, "गेली आणखी एक." रोग्याच्या छातीला नळी लावून बोलत तशाच आवाजात.

नाना डॉक्टर होते. घराच्या पुढच्या खोलीत दवाखाना आणि मागच्या तीन खोल्यांत आम्ही: नाना, आई, मी आणि नानांचे धाकटे भाऊ बाळकाका. काका फोर्टात विमा कंपनीत कारकून होते, पण त्यांचा जीव यंत्रांत. सकाळी स्टोव्हचा फर्रफर्र आवाज, त्यावर सुया उकळणारं भांडं, आणि त्याच वासात मिसळलेला आईच्या फोडणीचा वास. माझ्या लहानपणाचा वास विचाराल तर तो तसा आहे, स्पिरिट आणि लसूण. भांडुपच्या कारखान्याचा भोंगा झाला की आई भाताचं पातेलं उतरवी. दिवसा दवाखाना आणि संध्याकाळी व्हिजिटी. नाहूर, भांडुप, कधी पार विक्रोळीपर्यंत. तेव्हा मुलुंडमध्ये गाडी असणारी माणसं मोजकी, आणि त्यांतही म्हातारीइतकी ओळखीची गाडी दुसरी नव्हती. ती दिसली की लोक म्हणत, कुणाच्या तरी घरी आजारपण आहे.

मी मॅट्रिक होऊन कॉलेजात गेले त्या वर्षी तारा इतक्या भराभर तुटायला लागल्या की म्हातारीचं काही खरं नाही असं वाटू लागलं. त्या मापाचे टायरही बाजारात मिळेनासे झाले होते. मग एका रविवारी बाळकाका कुर्ल्याच्या भंगारवाल्याकडून पाच चाकं घेऊन हातगाडीबरोबर चालत आले. त्याच कंपनीच्या नंतरच्या मॉडेलची, पत्र्याची, बुटकी आणि रुंद. वर टायरही बऱ्या अवस्थेतले. दुपारपर्यंत काका आणि नाना अंगणात जॅक लावून बसले, आणि चाकं चढली तेव्हा म्हातारी एकदम खाली आल्यासारखी दिसली. उंच टाचांच्या चपला काढून कुणी बाई सपाट वहाणा घालून उभी राहावी तशी.

आता प्रश्न आला हवेचा. स्टिअरिंगखाली एक पितळी पट्टी होती, तिच्यावर चाकांत किती हवा हवी ते कोरलेलं होतं: बत्तीस पौंड. पण ते जुन्या, किडकिडीत टायरांचं. नव्या टायरांना किती, ते कुठेच लिहिलेलं नव्हतं. आम्ही सगळे ओट्यावर भिजवलेले वाल सोलत बसलो होतो. रविवारी आमच्याकडे वालाचं बिरडं आणि सोड्यांची, म्हणजे सुक्या कोलंबीची, खिचडी असे, आणि वाल सोलायला घरातल्या कुणालाही माफी नव्हती, अगदी डॉक्टरांनाही.

"बत्तीस लिहिलंय ना? मग बत्तीस," नाना म्हणाले.

"नाना, ते जुन्या टायरांचं झालं," काका म्हणाले. "हे रुंद आहेत. यांच्यात हवा जास्त मावते, मग दाब कमी पुरेल."

"गाडी तीच, वजन तेच. माणसाने सदरा बदलला म्हणून त्याचं ब्लडप्रेशर बदलत नाही."

"आणि माणूसच रुंद झाला तर?" आईने वालावरची नजर न काढता विचारलं. "परवा तुम्हीच त्या शेठजींना सांगत होतात, पोट कमी करा म्हणून."

काका एवढे हसले की त्यांच्या हातातले वाल सांडले. नानाही हसले, पण हवा बत्तीसच भरली गेली. नानांचा छापलेल्या अक्षरावर विश्वास होता, आणि ही तर कोरलेली अक्षरं होती. (आता माझा नातू गाडी पंपावर नेतो, पोरगा विचारतो, "कितना रखूं?", हा आकडा सांगतो, यंत्र टिंग करतं, झालं. मला दर वेळी वाटतं, या मुलांना एका मोठ्या भांडणाची मजा कळलीच नाही.)

बत्तीसवर म्हातारी बकरीसारखी उड्या मारू लागली. खडीच्या रस्त्यावर माझं डोकं छताला लागे, आणि वळणावर तिचा मागचा भाग एका अंगाला सरके. नाना म्हणत, "स्प्रिंगा जुन्या झाल्यात." तीन-चार दिवस असे गेले आणि एका सकाळी वेगळंच संकट आलं. म्हातारी हँडल मारून चालू करावी लागे. नानांनी हँडल फिरवलं, इंजिनाने उलटा झटका दिला, आणि हँडल त्यांच्या उजव्या मनगटावर बसलं. मी दारात होते. हाड मोडल्याचा आवाज मी तेव्हा पहिल्यांदा ऐकला. नाना ओरडले नाहीत. ओट्यावर येऊन बसले, डाव्या हाताने उजवं मनगट चाचपलं आणि अगदी शांतपणे म्हणाले, "कुमे, आईला बोलाव. फ्रॅक्चर आहे."

प्लास्टर बसलं. दवाखाना कसाबसा चालला. नाना सांगत आणि मी औषधाच्या बाटल्या भरी. पण व्हिजिटींचं काय? भांडुपला एक टायफॉइडचा मुलगा होता, नाहूरला अंथरुणाला खिळलेल्या एक आजी. काका सकाळी फोर्टात जात ते संध्याकाळी उशिरा येत. नाना येरझारा घालत होते. आई चहा घेऊन आली, कप ठेवला आणि म्हणाली, "मला येते."

"काय येते?" मी विचारलं.

"गाडी."

मी नानांकडे पाहिलं. त्यांना नवल वाटलं नव्हतं, त्यांना काळजी वाटत होती. माझे आजोबा माळव्यातल्या एका संस्थानात रस्त्यांचे ओव्हरसियर होते, आणि त्यांची खडीची लॉरी आई लग्नाआधी चालवत असे. नानांना हे ठाऊक होतं. मला नव्हतं. ही बाई लॉरी चालवत होती, हे मला सतरा वर्षांत कुणी सांगितलं नव्हतं, आणि ती स्वतः तर कधीच बोलली नव्हती. जणू ते माहेरीच ठेवून यायचं असतं.

"सुधा, अगं हे मुलुंड आहे. लोक काय म्हणतील?"

"म्हणतील, डॉक्टर आले," आई म्हणाली.

लायसनचे सोपस्कार काकांनी उरकले. तपासायला आलेला साहेब आईच्या शेजारी बसून स्टेशनापर्यंत गेला आणि येताना गप्प बसून आला. उतरताना एवढंच म्हणाला, "बाई, जरा हळू." मग आईने पदर खोचला आणि म्हातारी रस्त्यावर निघाली. हँडल मारायचं काम माझ्याकडे, अंगठा वरच्या बाजूला ठेवून, उलटा झटका आलाच तर हात सुटावा म्हणून. पहिले काही दिवस पोरं मागे धावत. दुधवाला भय्या सायकलवरून उतरून उभा राही. नाना डावीकडे ताठ बसत, मांडीवर बॅग, गळ्यात झोळी बांधलेला हात, आणि प्रत्येक खड्ड्याला त्यांचा चेहरा कळवळे. ते बोलत नसत. पण आईला दिसत होतं. एका सकाळी तिने मला हाक मारली, "कुमे, चारही चाकांतली हवा कमी कर. अठरावर आण."

"नाना रागावतील."

"त्यांना सांगायचंच नाही."

अठरावर म्हातारी गादीसारखी झाली. नाना दोन दिवस खूश. "बघ, मी म्हणत नव्हतो? स्प्रिंगा आपोआप बसल्या." आई रस्त्याकडे बघत राहिली. मात्र स्टिअरिंग जड झालं होतं; वळवताना तिच्या दंडाच्या शिरा दिसत. आणि वळणावर गाडी डोक्यावरच्या भरलेल्या हंड्यासारखी डुले. भांडुपला टायफॉइडच्या मुलाचं औषध पोचवून आम्ही दोघीच परतत होतो. उताराच्या वळणावर आईने ब्रेक दाबला, मागून फुस्स असा आवाज आला आणि म्हातारी एका बाजूला बसली. उतरून पाहिलं तर ट्यूबचा व्हॉल्व्हच उपटला गेला होता. हवा कमी म्हणून टायर रिमवर घट्ट बसला नव्हता; ब्रेक लागला तशी रिम आतल्या आत फिरली आणि व्हॉल्व्ह घेऊन गेली. आईने उरलेल्यांपैकी एका टायरच्या कडेला तळहात लावला आणि झटकन मागे घेतला. "तव्यासारखा तापलाय," ती म्हणाली. आम्ही दोघींनी स्टेपनी चढवली. येणारेजाणारे उभे राहून बघत होते, आणि मला लाज वाटायची ती वाटलीच नाही.

घरी येऊन तिने नानांना सगळं सांगितलं. अठराचंसुद्धा. मला वाटलं आता भडका उडणार. नानांनी आपल्या प्लास्टरकडे पाहिलं. "माझ्या हातासाठी केलंस?" त्यांनी विचारलं. आई म्हणाली, "मग काय, हौसेने?" नाना उठले, खिडकीशी गेले आणि म्हणाले, "बत्तीस जास्त आणि अठरा कमी. मधलं कुठलं, ते गाडीलाच विचारू या." मग वळून एकदम उत्साहाने, "सुधा, घरात गेरू आहे?"

पोलिसभरतीची पोरं नानांकडे तपासणीला येत तेव्हा ते त्यांना ओल्या पायांनी फरशीवर चालवत. तळवा सपाट आहे का ते ठशावरून कळे. तीच युक्ती त्यांनी म्हातारीला लावली. दुसऱ्या दिवशी सकाळी, उन्हं यायच्या आत, कारण टायर तापले की आतली हवा फुगते आणि गेज खोटं बोलतं, आम्ही अंगणात जुने पेपर अंथरले. कुंड्यांना लावायचा गेरू आईने बादलीत कालवला. मी टायरांना तो फासला, आणि काकांनी म्हातारीला ढकलत कागदांवरून नेली. बत्तीसला ठसा मधोमध अरुंद पट्ट्यासारखा उमटला. टायर फक्त पोटावर उभा होता. अठराला दोन्ही कडा गडद आणि मध्ये फिकट. मग आम्ही थोडी थोडी हवा बदलत गेलो. नाना खाली वाकून प्रत्येक ठसा बघत, नाकावर चष्मा, आणि म्हणत, "छे, चवडा दाबतोय. अजून दोन." शेवटी पुढच्या चाकांना बावीस आणि मागच्यांना चोवीस असा ठसा आला, या कडेपासून त्या कडेपर्यंत एकसारखा. नंतर नानांनी आम्हा सगळ्यांना आत बसवलं, शेजारच्या दोघांनाही बोलावलं, आणि भरलेल्या गाडीचे ठसे घेतले. माणसांनी भरली की मागे अठ्ठावीस लागत होतं. तेही ठरलं. आईने चालवून पाहिली. मुलुंडच्या त्या सरळ, काटकोनातल्या रस्त्यांवरून एक मोठी फेरी मारून आली, आणि खाली उतरून फक्त म्हणाली, "आता हातात आहे." तिचे हात कोपरापर्यंत गेरूने लाल होते, आणि नाना तिच्याकडे असे बघत होते की मी घरात निघून गेले.

दिवाळीनंतरचे दिवस होते ते. मिठागरांत पावसाळ्यात खचलेले बांध नव्या चिखलाने लिंपायचं काम चालू होतं. एका दुपारी नाहूरच्या मिठागरावरून एक माणूस धापा टाकत आला. हसुराम त्याचं नाव. त्याच्या बायकोचे पहिलटकरणीचे दिवस भरले होते आणि ती सकाळपासून अडली होती.

"सुईन सांगतं, पोर आरवा हाय," तो म्हणाला आणि रडू लागला.

आगरी बोलीत ड चा र होतो. मूल आडवं होतं. नानांचा चेहरा बदलला. "सुधा, गाडी काढ. कुमे, तूही चल, पंप घे."

रेल्वेचं फाटक ओलांडून आम्ही खाडीच्या बाजूला गेलो. पुढे रस्ता नव्हताच, मिठाच्या बैलगाड्या जातात तो रुंद बांध होता. जाताना, बांध कोरडा होता तिथवर, म्हातारी नीट गेली. झोपडी दहा-वीस हातांवर असताना ओला चिखल लागला आणि मागची चाकं जागच्या जागी फिरायला लागली. नाना तसेच हसुरामबरोबर चालत गेले. थोड्या वेळाने हसुराम आणि त्याची आई त्या मुलीला, हिराला, दोन्ही बाजूंनी धरून घेऊन आले. माझ्याच वयाची असेल. ओठ पांढरे पडले होते. ती ओरडत नव्हती, दातांत पदर धरून कण्हत होती, आणि ते ऐकवत नव्हतं.

"माझ्या एका हाताने काही होण्यासारखं नाही," नाना आईला हळूच म्हणाले. "ऑपरेशन लागेल. मोठ्या इस्पितळात न्यायला हवी, शीवपर्यंत. ताबडतोब."

हिरा मागच्या सीटवर आडवी, तिचं डोकं सासूच्या मांडीवर, पाय माझ्या मांडीवर, हसुराम बाहेर फुटबोर्डवर. आईने गाडी मागे घ्यायला गिअर टाकला. चाकं फिरली, चिखल उडाला, आणि म्हातारी बांधाच्या कडेकडे सरकली. खाली खारं पाणी. आईने गाडी बंद केली आणि खाली उतरली. मागच्या चाकाशी बसून व्हॉल्व्हची टोपी काढली.

"काय करतेस?" नाना ओरडले. "सुधा, भरलेल्या गाडीला अठ्ठावीस! आपण ठरवलंय!"

"ते डांबराला. चिखलात पाय पसरावा लागतो." हवा सुसू करत जात होती. टायर दबून पसरेपर्यंत तिने ती जाऊ दिली, मग दुसऱ्याची. परत आत बसली, हसुरामला हँडल मारायला लावलं, आणि अगदी हळू, बायका निसरड्या घाटावरून घागर घेऊन चढतात तशी, म्हातारीला त्या बांधावरून काढली. मी डोळे मिटले होते. सासू पुटपुटत होती, "आय एकवीरे, आय एकवीरे." चाकांखालचा आवाज बदलला तेव्हा कळलं, कोरडी वाट आली. तिथे आईने गाडी वळवली.

पुढे फाटक बंद होतं. मालगाडी यायची होती. आई पुन्हा उतरली. "कुमे, पंप."

मी उतरले आणि पंप मारू लागले. मालगाडी आली. डबे संपता संपत नव्हते, आणि मला वाटत होतं, संपू नयेत. हसुरामने माझ्या हातून पंप घेतला. एक चाक झालं. दुसरं अर्धं झालं आणि फाटक उघडलं. मागे बैलगाड्या होत्या, गाडीवान हाका मारू लागले. आतून हिराचा आवाज आता मोठा झाला होता.

"सुधा, चल!" नाना म्हणाले. त्यांचा आवाज मी तसा कधी ऐकला नव्हता. "मूल जाईल!"

आई चाकाशी उभी होती. "भांडुपला काय झालं ते आठवा," ती म्हणाली. "एवढं ओझं घेऊन आग्रा रोडवर चाक बसलं, तर दोघंही जातील. हसुराम, थांबू नकोस."

नाना उतरले, फाटकात गेले, आणि प्लास्टरचा हात वर करून त्यांनी बैलगाड्या एका बाजूने काढून दिल्या. आईने गेज लावलं. "बस," ती म्हणाली.

मग मात्र तिने म्हातारीला सोडली. भांडुपचं ते वळण आलं तेव्हा मी सीट घट्ट धरली. म्हातारी जरा कलली आणि सरळ झाली. कांजूर, विक्रोळीच्या नव्या कारखान्यांची भिंत, घाटकोपरचा बाजार. हॉर्नचा रबरी फुगा नाना डाव्या हाताने सारखे दाबत होते. हिराने माझा हात धरला होता. तिच्या नखांच्या खुणा बरेच दिवस राहिल्या. इस्पितळाच्या दारात स्ट्रेचर आलं, नाना आत धावले, आणि आई गाडीतच बसून राहिली, स्टिअरिंगवर कपाळ टेकून. मी तिच्या पाठीवर हात ठेवला. पोलकं घामाने भिजून अंगाला चिकटलं होतं. माझा हात तिथे राहू देण्याची माझी ती पहिलीच वेळ असावी. आमच्या घरात आई मुलांना धीर देई, मुलं आईला देत नसत.

खूप वेळाने नाना बाहेर आले. "मुलगी झाली. दोघी सुखरूप आहेत," ते म्हणाले. आई त्यावर रडली. सासूने तिथेच पायरीवर बसून आईचे दोन्ही हात आपल्या हातांत घेतले आणि आगरीत काहीतरी लांबलचक बोलली. आईला त्यातलं फारसं कळलं नाही, मलाही नाही. घरी येताना, मुलुंड आल्यावर नाना म्हणाले, "भूक लागलीय," आणि आईने गेल्या गेल्या तव्यावर अंडी फोडली.

त्या मुलीचं नाव त्यांनी काय ठेवलं ते मला बरीच वर्षं माहीत नव्हतं. पुढे तिच्या लग्नाला आम्ही गेलो तेव्हा कळलं. सुधा.

पण मला सांगायचं आहे ते त्या आधीचं. पौषात नानांचं प्लास्टर निघालं. हात सुकलेला, पांढुरका, पण हाड चांगलं जुळलं होतं. संध्याकाळी व्हिजिटीची वेळ झाली. मी हँडल मारून म्हातारी चालू केली. आई बाहेर आली, जरा थबकली, आणि गाडीला वळसा न घालता मुकाट्याने डाव्या सीटवर जाऊन बसली, हात मांडीवर ठेवून. नाना बॅग घेऊन आले. त्यांनी उजव्या दाराकडे पाहिलंसुद्धा नाही. डावं दार उघडून उभे राहिले.

"इथे काय बसलीस?" ते म्हणाले. "ही माझी जागा आहे."

आई उतरली. पदर खोचला, आणि पुढून वळसा घालून स्टिअरिंगकडे गेली.